मानवी स्वभाव आणि साम्यवाद: वादाआधी करून पाहायचा प्रयोग

‘माणूस मुळात स्वार्थी, म्हणून साम्यवाद चालणार नाही’ आणि ‘स्वार्थ भांडवलशाहीनेच शिकवला’. या दोन वाक्यांवर अभ्यासवर्गात तासन् तास जातात आणि कुणाचंच मत तसूभरही हलत नाही. त्याआधी हा खेळ घ्या.

चार खेळाडू, एक सूत्रधार. दर फेरीला प्रत्येकाला २० गुण. त्यातले किती सामायिक खात्यात टाकायचे ते चिठ्ठीवर लिहून, घडी घालून द्यायचं, उरलेले स्वतःचे. सूत्रधार जमा गुण दुप्पट करून चौघांत सारखे वाटतो. सगळ्यांनी सगळे दिले, तर प्रत्येकी ४०. कुणीच दिले नाहीत, तर २०. तिघांनी पूर्ण दिले आणि एकाने काहीच नाही, तर तिघांना ३०-३० आणि त्या एकाला ५०. सगळी मेख या ५० मध्ये आहे.

दहा फेऱ्या खेळा. फळ्यावर फक्त एकूण जमा लिहा, नावं नकोत. खेळाडूंना एकमेकांकडे पाठ करून बसवा, कारण नजरानजर झाली तरी आकडे बदलतात. शेवटी गुणांच्या प्रमाणात काहीतरी खरं द्या, नाहीतर फुकटची उदारता दिसते. पहिल्या क्रमांकाला बक्षीस मात्र ठेवू नका. मग ती चढाओढ होते.

साधारणपणे पहिल्या फेरीत निम्म्याच्या आसपास गुण जमतात आणि पुढे घसरत जातात. इथे ‘बघा, स्वार्थ!’ म्हणण्याची घाई होते. पण निव्वळ स्वार्थी माणसाने पहिल्याच फेरीत शून्य टाकलं असतं. ‘हात आखडता का घेतला?’ याचं उत्तर प्रत्येकाकडून लिहून घ्या. बरेच जण लिहितात की बाकीचे देत नव्हते. बहुतेकांची वृत्ती ‘तू देतोस तर मी देतो’ अशी असते.

आता आणखी दहा फेऱ्या. या वेळी कुणी किती दिले ते उघड करा, आणि स्वतःचा १ गुण खर्चून दुसऱ्याचे ३ कापण्याची मुभा द्या. जमा बहुधा वर जाते आणि टिकते. काही गटांत सूड म्हणून भरपूर देणाऱ्यांनाच दंड बसतो. तसं झालं तर प्रत्येक फेरीआधी दोन मिनिटं मोकळं बोलू द्या.

मगच इतिहासाकडे वळा आणि प्रत्येक उदाहरणाला तीन प्रश्न विचारा: गट केवढा, बाहेर पडता येतं का, कामचुकार कुणाला दिसतो? हटराइट या ख्रिस्ती पंथाने १५२८ मध्ये मालमत्ता सामायिक केली. त्यांची वसाहत दीडशेच्या घरात गेली की विभागते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या देगानिया या किबुत्झने (इस्रायलमधली सामूहिक वसाहत) २००७ मध्ये समान वेतन सोडलं. किबुत्झमधून बाहेर पडणं सोपं होतं आणि बाहेर जास्त कमावू शकणारे जात होते. सोव्हिएत सामूहिक शेतीत उलट स्थिती: तिथल्या शेतकऱ्यांना १९७४ पर्यंत सरसकट अंतर्गत पासपोर्टही (देशातल्या देशात दुसरीकडे राहायला जाण्यासाठी लागणारा ओळखपत्रासारखा कागद) नव्हता. जेमतेम ३ टक्के जमिनीवरच्या खासगी तुकड्यांतून सुमारे चौथा हिस्सा उत्पादन यायचं, हा आकडा वादात हमखास फेकला जातो. तो सांगताना हेही सांगा की त्या तुकड्यांवर भाजी, दूध अशी महाग पिकं आणि उत्पादनं असायची आणि चारा बराचसा सामूहिक शेतातलाच असायचा.

एक गल्लत टाळा. किमतीच नसतील तर पोलाद कुठे वापरायचं हे ठरवायचं कसं, हा अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मीझेसचा १९२० चा आक्षेप माणसं देवमाणसं असली तरी उरतोच. त्याचा स्वभावाशी संबंध नाही. त्यासाठी वेगळी बैठक ठेवा.