प्रतिक्रिया कालाच्या प्रयोगात या चुका टाळा: असंबद्ध वैशिष्ट्यांचा परिणाम मोजताना

‘पडद्यावर लाल वर्तुळ आले तर डावी कळ दाबा, हिरवे आले तर उजवी’ या सूचनेत वर्तुळ कुठे उमटेल याचा उल्लेखही नाही. तरीही लाल वर्तुळ पडद्याच्या उजव्या बाजूला उमटले की डावी कळ दाबायला प्रयुक्ताला (प्रयोगात भाग घेणाऱ्याला) साधारणपणे २० ते ३० मिलिसेकंद अधिक लागतात. याला सायमन परिणाम म्हणतात; जे. रिचर्ड सायमन आणि रुडेल यांनी १९६७ मध्ये तो ध्वनीच्या साहाय्याने दाखवला. ‘डावा’ किंवा ‘उजवा’ हा शब्द ऐकून त्या बाजूची कळ दाबायची होती. शब्द कोणत्या कानात ऐकू येतो याला काहीच महत्त्व नव्हते, पण शब्द आणि कान यांची बाजू जुळली नाही की प्रतिक्रिया मंदावत असे.

नागपुरात मानसशास्त्राचे विद्यार्थी प्रात्यक्षिकासाठी असे प्रयोग घेतात आणि अपेक्षित फरक मिळाला नाही की वहीत ‘प्रयुक्ताने नीट लक्ष दिले नाही’ असा शेरा पडतो. हा शेरा बहुतेक वेळा अन्यायाचा असतो, कारण दोष मांडणीत असतो. जे वैशिष्ट्य सूचनेत नाही ते प्रयोगातही नाही असे धरले जाते आणि मग त्याचे संतुलनही होत नाही, नोंदही होत नाही.

असंबद्ध वैशिष्ट्य उत्तराशी जोडले जाणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. यादी हाताने तयार करताना लाल वर्तुळे नकळत डावीकडे जास्त आणि हिरवी उजवीकडे जास्त पडली, तर जागा असंबद्ध राहतच नाही. ती उत्तराची खूण होते आणि प्रयुक्त तिचा उपयोग करू लागतो. उद्दीपकाची (दाखवलेल्या खुणेची) बाजू आणि उत्तराची बाजू जुळते ते सुसंगत प्रयत्न, जुळत नाही ते विसंगत. सुसंगत प्रयत्नांचे प्रमाण वाढवले की परिणाम फुगतो आणि ते घटवले की तो आक्रसतो, कधी उलटतोही. लोगन आणि झब्रोडॉफ यांनी १९७९ मध्ये स्ट्रूपसारख्या (शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगण्याच्या) कार्यात हे दाखवून दिले आहे. म्हणून प्रत्येक रंग प्रत्येक जागी समान वेळा आला पाहिजे आणि अर्ध्या प्रयुक्तांसाठी कळांची अदलाबदल झाली पाहिजे. अन्यथा ‘डावा हात मंद’ आणि ‘लाल रंग मंद’ हे दोन निष्कर्ष एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत.

क्रमाकडेही असेच दुर्लक्ष होते. ग्रॅटन, कोल्स आणि डॉन्चिन यांनी १९९२ मध्ये दाखवले की विसंगत प्रयत्नानंतर लगेच येणाऱ्या प्रयत्नात विसंगतीचा परिणाम कमी होतो. मात्र त्यातला काही भाग तोच उद्दीपक आणि तेच उत्तर पुन्हा आल्यामुळेही असू शकतो, असा आक्षेप मायर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये घेतला. त्यामुळे संगणकाने क्रम यादृच्छिक लावला म्हणजे काम संपले असे नाही. लागोपाठच्या पुनरावृत्ती किती आल्या हे यादीत मोजून पाहावे. सर्व सुसंगत प्रयत्न सकाळच्या एका गटात आणि सर्व विसंगत प्रयत्न दुपारच्या गटात घेणे तर टाळलेच पाहिजे, कारण एप्रिल-मे महिन्यांत नागपूरची दुपार, कूलरचा आवाज आणि थकवा हे सगळे त्या एकाच गटाच्या वाट्याला येते.

मराठी स्ट्रूप: शब्द निवडतानाच्या चुका

स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये जे आकडे दिले ते आजही नजरेसमोर ठेवावेत. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले आणि वेगळ्याच रंगाचे नाव असलेल्या १०० शब्दांच्या शाईचा रंग सांगायला ११०.३ सेकंद. हा परिणाम इतका मोठा असतो की कच्च्या मांडणीतही तो दिसतो आणि म्हणूनच मराठी आवृत्ती करताना निष्काळजीपणा होतो.

नागपुरात बहुतेक प्रयुक्त मराठी आणि हिंदी दोन्ही रोज बोलतात व वाचतात. ‘लाल’ दोन्ही भाषांत एकच आहे. ‘हिरवा’, ‘निळा’, ‘पिवळा’ यांना मात्र ‘हरा’, ‘नीला’, ‘पीला’ असे जवळचे हिंदी पर्याय आहेत आणि एखाद्या प्रयुक्ताच्या तोंडी आधी तेच येतात. वाचायचा शब्द आणि द्यायचे उत्तर एकाच भाषेत असले तर अडथळा सामान्यतः अधिक असतो. त्यामुळे उत्तराची भाषा आधी ठरवून सरावातच पक्की करावी आणि प्रयुक्त घरी कोणती भाषा बोलतो हे विचारून नोंदवावे. नारिंगी रंग मी या प्रयोगात घेऊच नये असे सुचवीन, कारण त्याच छटेला कोणी केशरी म्हणतो, कोणी भगवा, तर कोणी संत्री, आणि नाव शोधण्यात गेलेला वेळ अडथळ्याच्या खात्यात जमा होतो. तटस्थ, म्हणजे रंगाशी संबंध नसलेले, शब्द निवडतानाही हेच भान हवे: क्लाइन यांच्या १९६४ च्या प्रयोगात रंगाची आठवण करून देणाऱ्या शब्दांनीही अडथळा आणला होता, म्हणून ‘गवत’, ‘आकाश’ किंवा ‘संत्रे’ हे तटस्थ शब्द नव्हेत. तटस्थ अट (अशा शब्दांच्या प्रयत्नांचा गट) अजिबात ठेवली नाही, तर विसंगत शब्दाने वेळ वाढवला की सुसंगत शब्दाने तो वाचवला, हे सांगता येत नाही.

उत्तर तोंडी असेल आणि मायक्रोफोनने वेळ मोजला जात असेल, तर ‘प’ आणि ‘ह’ या आरंभीच्या ध्वनींवर यंत्र सारख्याच क्षणी सुरू होत नाही. प्रत्येक रंगनाम सर्व अटींत समान वेळा उत्तर म्हणून आले, तर ही त्रुटी तुलनेत आड येत नाही.

सूचनेचा शब्द न् शब्द

होमेल यांनी १९९३ मध्ये कळ दाबली की विरुद्ध बाजूचा दिवा लागेल अशी व्यवस्था केली. ‘कळ दाबा’ या सूचनेवर नेहमीचा सायमन परिणाम मिळाला, ‘दिवा लावा’ या सूचनेवर तो उलटला. म्हणून सूचना तोंडी, दर वेळी वेगळ्या शब्दांत देऊ नये. ती लिहून वाचून दाखवावी.

यंत्राची चिंता आणि विश्लेषणातली घाई

पडदा ६० हर्ट्‌झचा असेल तर चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी बदलते आणि साध्या कीबोर्डचाही काही मिलिसेकंदांचा विलंब असतो. हा विलंब सर्व अटींत सारखाच असेल तर दोन अटींच्या वजाबाकीत तो निघून जातो. अस्थिर असेल तर प्रयत्नांची संख्या वाढवावी लागते. संगणक मध्येच बदलणे मात्र वाईट.

विश्लेषणात चुकीची उत्तरे न वगळता सगळ्यांचे मध्यमान काढले जाते, किंवा ती वगळून पुन्हा त्यांच्याकडे पाहिलेच जात नाही. घाईने उत्तर देणाऱ्या प्रयुक्ताच्या बाबतीत अडथळा वेळेत न दिसता चुकांत दिसतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. टोकाचे आकडे काढण्याची मर्यादा आकडे पाहण्याआधी ठरवावी. शक्य असेल तर प्रत्येक अटीतील प्रतिक्रिया जलद ते मंद अशा चार-पाच भागांत विभागाव्यात. आडव्या मांडणीच्या सायमन कार्यात परिणाम जलद प्रतिक्रियांत मोठा असतो आणि मंद प्रतिक्रियांत विरतो, तर स्ट्रूपमध्ये तो सहसा वाढत जातो; एकटे मध्यमान हा फरक पूर्णपणे झाकून टाकते.

शेवटची चूक निष्कर्षाची आहे. गटात ठामपणे दिसणारा फरक व्यक्तीव्यक्तींमधील भेद मोजायला योग्य असतोच असे नाही. हेज, पॉवेल आणि सम्नर यांनी २०१८ मध्ये नेमकी हीच अडचण मांडली. प्रत्येकाची विसंगत वजा सुसंगत वेळ काढून तिचा परीक्षेच्या गुणांशी सहसंबंध शोधण्याचा मोह तीस-चाळीस प्रयुक्तांच्या प्रात्यक्षिकात तरी आवरावा. तसा सहसंबंध पाहायचाच असेल, तर आधी तेच प्रयुक्त पुन्हा बोलावून त्यांचा हा फरक दोन्ही वेळा सारखा येतो का हे तपासावे.