मुलींना अभियांत्रिकीकडे वळवताना

महाविद्यालयांनी मुलींसाठीची मोहीम बारावीच्या निकालानंतर सुरू करू नये. अकरावीत गणित विषय सोडला की अभियांत्रिकीची वाट बहुधा तिथेच बंद होते, म्हणून दहावीच्या वर्गांतच, तेही मराठी शाळांत, जावे. पालकसभा रविवारी ठेवून आईलाही आवर्जून बोलवावे. खर्चाची शंका निघाल्यास, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना केंद्रीभूत प्रवेशासाठी (शासनाच्या सामाईक प्रवेश फेऱ्यांतून मिळणाऱ्या प्रवेशासाठी) २०२४पासून राज्य शासनाने शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी दिली आहे, हे लागणाऱ्या दाखल्यांसह समजावून सांगावे. माहितीपत्रके वाटण्यापेक्षा (ती रद्दीतच जातात) माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी महाविद्यालयाची कार्यशाळा दाखवावी आणि विरार-कल्याणच्या मुलींची गाठ रोज लोकलने येणाऱ्या विद्यार्थिनीशीच घालून द्यावी.