सिरिंज पंपाच्या कारखान्यासाठी रेग्युलेटरीचा माणूस कसा निवडावा

मेडिकल डिव्हाइसच्या धंद्यात डिझाइनचा इंजिनिअर मिळून जातो, परवान्याचे आणि नियमांचे कागद सांभाळणारा, म्हणजे रेग्युलेटरीचा माणूस, मिळत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून क्लास सी आणि डीच्या, म्हणजे जास्त जोखमीच्या, उपकरणांनाही लायसन्स सक्तीचं झालं, आणि तेव्हापासून या माणसांची ओढाताण वाढली. भोसरीत सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या दराने पेशंटला देणारं यंत्र, बनवणारं छोटं युनिट तुमचं आहे असं धरू.

आधी उपकरणाचा क्लास बघा. सिरिंज पंप क्लास सीमध्ये येतो, म्हणजे उत्पादनाचं लायसन्स केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून, सीडीएससीओकडून. कमी जोखमीच्या ए आणि बी क्लासचं काम राज्याच्या एफडीएकडे असतं. तेवढंच केलेल्या उमेदवाराला इथे नव्याने शिकावं लागेल.

मग जाहिरात. तिच्यात डिग्र्यांची यादी नको, कामं लिहा: डिव्हाइस मास्टर फाइल (उपकरणाची सगळी तांत्रिक माहिती असलेली फाइल) तयार करणं, आयएसओ १४९७१ या मानकाप्रमाणे जोखमीची फाइल, पंपातल्या सॉफ्टवेअरचे आयईसी ६२३०४ या मानकाचे कागद. तिन्हींत मुरलेला एकच माणूस क्वचितच मिळतो. सॉफ्टवेअरचे कागद खुशाल बाहेरच्या सल्लागाराकडे द्या. तांत्रिक माणसासाठी नियमांनीच किमान अट घातली आहे: संबंधित विषयाची पदवी आणि उपकरणांच्या उत्पादनाचा किंवा चाचणीचा २ वर्षांचा अनुभव, किंवा डिप्लोमा आणि ४ वर्षं.

शोधायचं कुठे? फार्मा कंपन्यांच्या क्यूएमधली, म्हणजे गुणवत्ता विभागातली, माणसं भरपूर आहेत. शिस्त पक्की, पण डिझाइन कंट्रोल, म्हणजे डिझाइनची प्रत्येक पायरी तपासून नोंदवणं, बहुतेकांनी पाहिलेला नसतो. अहमदाबादच्या नायपर या औषधशास्त्राच्या शिक्षणसंस्थेत मेडिकल डिव्हाइसचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आयआयटी मुंबईच्या बेटिक या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्रात उपकरणांवर काम केलेली मुलंही बघा. माझं मत विचाराल तर हॉस्पिटलमधल्या बायोमेडिकल इंजिनिअरला आधी फोन करा. रात्रपाळीची सिस्टर पंपाचं कुठलं बटण वैतागून दाबते, हे त्याला ठाऊक असतं.

मुलाखतीत बायोडेटा बाजूला सारा आणि एक तक्रार पुढे ठेवा: ‘आयसीयूतून फोन आलाय, नळी चोंदली तरी अलार्म फार उशिरा वाजला. काय कराल?’ कच्चा उमेदवार थेट कॅपाच्या (चूक सुधारण्याच्या आणि पुन्हा टाळण्याच्या) फॉर्मवर जातो आणि ‘युजरला ट्रेनिंग देऊ’ म्हणतो. पक्का आधी विचारतो: पेशंट कसा आहे? पंप बाजूला काढून ठेवलाय का? सिरीयल नंबर काय? मग विचारतो, सिरिंज ५० मिलीची होती का आणि दर किती लावला होता? तासाला १ मिलीसारख्या कमी दराने मोठी सिरिंज चालत असेल, तर दाब चढायलाच वेळ लागतो. पंप धड असूनही अलार्म उशिरा वाजू शकतो. हा प्रश्न ज्याला सुचला त्याच्याशी पगाराचं बोला.

एखादा जुन्या कंपनीची मास्टर फाइल लॅपटॉपवर उघडून दाखवू लागला, तर चहा पाजून निरोप द्या. उद्या तुमचीही फाइल अशीच कुणाला दाखवेल. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही, ही अट १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७पुढे टिकत नाही, तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नका. गोपनीयतेचा करार मात्र नीट करा.

आणि नोटीस पिरियड ऑफर देण्याआधीच विचारून घ्या. तो ९० दिवसांचा निघाला, तर लायसन्सच्या अर्जाचं वेळापत्रक त्याच हिशेबाने आखावं लागेल.