हिवाळ्यात चंद्रशिला चढताय? या चुका टाळा

सह्याद्रीतले अलंग-मदन-कुलंग हे अवघड किल्ले करून झाले की आपल्याकडच्या ट्रेकरला बर्फाचे वेध लागतात, आणि सुट्ट्या कमी असल्या की नकाशावरचं बोट हमखास चंद्रशिलेवर थांबतं. उत्तराखंडच्या गढवालात चोपता गाठायचं, साडेतीन किलोमीटरवर तुंगनाथचं मंदिर, पुढे दीड किलोमीटरवर शिखर, संध्याकाळी खाली. कागदावर हे राजगडापेक्षा सोपं दिसतं. गोची अशी की सह्याद्रीत अंगवळणी पडलेल्या गोष्टीच बर्फावर नडतात, आणि ट्रेकर जितका जुना तितक्या त्या पक्क्या. खालच्या बऱ्याचशा चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

रात्रभर प्रवास, सकाळी चढाई

शुक्रवारी रात्री निघायचं, पहाटे पायथ्याला पोहे-चहा मारायचा आणि चालू पडायचं, हा आपला शिरस्ता. तोच इथे लावला की सकाळी डेहराडूनला विमान, रात्री सारी गावात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी थेट ३,७०० मीटरच्या आसपास. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर. चोपत्याचा डांबरी रस्ताच तिच्याहून हजार मीटर उंच आहे. एक दिवस जास्तीचा काढा. सारीहून देवरियाताल हा तलाव करून या, दुसरी रात्र चोपत्याला घालवा, मग वर जा.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून ढकलू नका. त्या दिवशी वर जायचं नाही. तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी माणसाला खाली उतरवा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी मित्राकडे होती म्हणून घेतली, असं करू नका. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती बाधू शकते. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जोरदार बर्फ पडला की गाडी चोपत्याच्या अलीकडच्या दुगलबिट्ट्याच्या पुढे जात नाही आणि तेवढी चाल वाढते. रस्त्यावरच्या पातळ काचेसारख्या बर्फाला तिथले लोक 'पाला' म्हणतात. सावलीतल्या वळणांवर तो डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे स्वतःची गाडी नेण्याची हौस खाली सपाटीला सोडून या.

सगळे कपडे चढवून निघणं

पहाटेच्या गारठ्यात थर्मल, फ्लीस, जाकीट असा जामानिमा करून निघालात की अर्ध्या तासात घामाने भिजता, आणि पहिल्या विश्रांतीला तोच घाम बर्फ होतो. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. जाड जाकीट सॅकमध्ये राहू द्या, थांबल्यावर घाला. सुती बनियन आणि जीन्स घरी. हातमोज्यांचा दुसरा जोड हवाच, कारण पहिला भिजणारच. बोटं बधिर झाली तर चोळू नका. काखेत धरून ऊब द्या.

घसाऱ्यावरची ती सवय

आता खरा मुद्दा. सह्याद्रीत घसारा, म्हणजे सुट्या मातीदगडांचा उतार, आला की आपण बिनदिक्कत बूड टेकवतो आणि सरकत उतरतो. पँट फाटते, बाकी काही नाही. चंद्रशिलेच्या माथ्यावरून परतताना तो मऊ, पांढरा उतार बघून हात शिवशिवतातच. माझ्या पुढचा एक जण बसला आणि सुटला. मजेत ओरडत होता, तेवढ्यात त्याच्या मायक्रोस्पाइकचे (बुटांवर चढवायच्या दातेरी साखळ्यांचे) दात बर्फात रुतले, पाय तिथेच अडकला आणि बाकीचं शरीर पुढे गेलं. घोटा पिरगळला. मोडला नाही, हे नशीब. तुंगनाथपासून चोपत्यापर्यंत त्याला दोघांच्या खांद्यावर आणायला आम्हाला अंधार झाला. स्पाइक्स पायात असताना घसरगुंडी नाही, म्हणजे नाही.

दुसरी मेख तुंगनाथच्या फरसबंद वाटेत आहे. उन्हाळ्यात ती चांगली रुंद असते. हिवाळ्यात ओघळीच्या जागी बर्फ साचून वाट आणि उतार एकसारखे होतात. पायाखालचा सपाट भागच गायब. सकाळी तिथे कडक कवच असतं. स्पाइक्स ही जागा यायच्या आधी घाला, मध्यावर लटपटत उभं राहून नव्हे. पाऊल सपाट टाका, म्हणजे सगळे दात लागतील. मऊ बर्फात मात्र उतरताना टाच रोवायची. स्पाइक्सखाली बर्फाचा गोळा साचला की पकड जाते, तेव्हा दर काही पावलांनी काठीने बुटावर ठोका. आणि वळणं टाळून मधून शॉर्टकट मारू नका.

वर काहीतरी मिळेल

कळसूबाईवर लिंबू सरबत मिळतं, म्हणून आपण पाण्याची एकच बाटली नेतो. तुंगनाथाचे कपाट, म्हणजे मंदिराचं दार, हिवाळ्यात बंद असते, देव खालच्या मक्कूमठ गावी गेलेले असतात आणि देवामागोमाग दुकानंही. थर्मासमध्ये गरम पाणी न्या. साधी बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. फोन आतल्या खिशात, अंगाशी. थंडीत ४० टक्के बॅटरी दाखवत असतानाही तो बंद पडतो.

गॉगल फोटोपुरता नसतो. ढगाळ दिवशीही बर्फावरून उलटणारा प्रकाश डोळे भाजतो. ते तेव्हा कळत नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. झालंच तर अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडा, चोळू नका. सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खालीही लावा, ऊन खालूनही येतं.

उशीर

डिसेंबरात तिथे साडेपाचच्या आत सूर्य बुडतो. दुपारी कवच वितळतं आणि सकाळी टणक असलेल्या वाटेवर पाय गुडघ्यापर्यंत जातो, म्हणून उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. आमचे गढवाली वाटाडे, ज्यांना सगळे भैजी (मोठा भाऊ) म्हणत, बारा वाजता घड्याळ दाखवायचे आणि जिथे असू तिथून मागे फिरवायचे. पहिल्या खेपेला शिखर समोर दिसत असताना फिरवलं. मी हुज्जत घातली. ते काही न बोलता उतरायला लागले.

मुक्कामी आल्यावर ओले बूट चुलीशी ठेवू नका, सोल सुटतो. आतले पातळ तळवे काढून स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपा, सकाळपर्यंत वाळतात. वासाची तक्रार तंबूतल्या बाकीच्यांनी करायची.