भिंतीतील लवचिक पाइपला वळण देताना
मुंबईतल्या फ्लॅटमध्ये बाथरूमचे काम काढून विटांच्या भिंतीत पेक्स या प्लास्टिकचा लवचिक पाइप टाकायचा असेल, तर गवंड्याला त्यासाठीची झिरी (भिंतीतली खाच) कोपऱ्यात काटकोनात न फोडता गोलाईने फोडायला सांगावे. कारण 16 मिलिमीटरच्या पाइपची वळणाची त्रिज्या साधारण 13 सेंटिमीटरपेक्षा कमी झाली, की तो चिमटण्याची शक्यता वाढते आणि मग शॉवरची धार बारीक होते. गीझरचे पाणी वाहू लागले, की हा पाइप मीटरमागे अर्धा सेंटिमीटर किंवा थोडा अधिकच लांबतो, म्हणून तो ताणून बसवू नये आणि थेट सिमेंटमध्ये न गाडता फोमच्या नळीतून न्यावा. भिंतीत सांधा शक्यतो नसावा. प्लंबर कितीही ‘काही होत नाही’ म्हणाला, तरी कॉलम-बीमला छिन्नी लावू देऊ नये.

प्लास्टरपूर्वी गळती तपासायला पाइपमध्ये हाताने चालवायच्या पंपाने पाण्याचा दाब देऊन पाहावा. पाइप फुगल्याने सुरुवातीला दाबमापकाचा काटा किंचित उतरतो, तेव्हा तो पुन्हा चढवावा आणि त्यानंतर काही तास स्थिर राहतो का, ते पाहावे. वरच्या मजल्यांवर गच्चीवरच्या टाकीचा दाब जेमतेम असल्याने नुसता नळ सोडून बारीक गळती कळत नाही. झिरी बुजवण्याआधी भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढावा, म्हणजे पुढे आरशासाठी ड्रिल नेमके पाइपवर पडत नाही.