थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा: दरवर्षी मुदत वाढवताना मी काय करते

मी एक्कावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली आणि नवऱ्याबरोबर चियांग माईला राहायला आले. तेव्हापासून चार वेळा इथली मुदत वाढवून घेतली आहे. पन्नाशीच्या आसपास निवृत्त होऊन इकडे यायचं म्हणणारे बरेच जण मला याबद्दल विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

बोलताना आपण सगळेच ‘व्हिसा रिन्यू केला’ म्हणतो, पण रिन्यू होतो तो व्हिसा नव्हे. व्हिसा ही देशात शिरण्याची परवानगी. ‘नॉन-इमिग्रंट ओ’ या, निवृत्तांनाही मिळणाऱ्या, व्हिसावर एकदा आत आलात की त्याचं काम संपलं. पुढे दरवर्षी वाढवायची असते ती राहण्याची मुदत. म्हणून पासपोर्ट उघडलात की व्हिसावरची तारीख बघत बसू नका. इमिग्रेशनचा जो शेवटचा शिक्का आहे, त्यात ‘या तारखेपर्यंत राहू शकता’ असं लिहिलेलं असतं. तुमची तारीख ती. ती उलटून गेली तर दिवसाला ५०० बात (थाई चलन) दंड, जास्तीत जास्त २०,००० बात. आणि ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर देशात परत यायला बंदीही लागते.

वयाची अट पूर्ण ५० वर्षांची. लवकर निवृत्त होणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकतात. सत्तेचाळीसाव्या वर्षी कितीही पैसा साठलेला असला तरी या वाटेने येता येत नाही. दुसरी अट कामाची. या मुदतीवर नोकरी करता येत नाही, धंदा करता येत नाही, आणि एखाद्या शाळेत फुकट शिकवायला जाणं हेही इथे कामच धरलं जातं. साठी-पासष्टीत आलेल्याला हे फारसं जाणवत नाही. एक्कावन्नाव्या वर्षी हाताला काम नसणं मला पहिले आठ महिने फार जड गेलं, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आता पैसे. सगळा खेळ इथेच आहे.

तीन वाटा आहेत. थाई बँकेतल्या खात्यात ८ लाख बात ठेवायचे, किंवा दरमहा ६५,००० बात उत्पन्न दाखवायचं, किंवा दोन्ही मिळून वर्षाचे ८ लाख भरवायचे. पेन्शन असलेल्यांना दुसरी वाट सोपी वाटते. आपल्यासारख्यांना पेन्शन नसते. म्युच्युअल फंडातून दरमहा थोडे काढायचे, कुठे घरभाडं येत असतं, त्यावर चाललेलं असतं. तेही चालतं, पण ती रक्कम दर महिन्याला न चुकता परदेशातून थाई खात्यात आलेली दिसायला हवी, आणि बँकेच्या नोंदीत ती परदेशातून आली हे स्पष्ट असायला हवं. एखाद्या महिन्यात रुपया घसरला आणि ६५,००० ऐवजी ६४,३०० जमा झाले, तर तो महिना कमी पडला. या वाटेने जायचंच असेल तर ७० हजारांच्या हिशोबाने पाठवा. मी मात्र पेन्शन नसलेल्या प्रत्येकाला ८ लाखांचीच वाट सांगते. पैसे अडकतात हे खरं, पण दर महिन्याचा घोर राहत नाही.

या ८ लाखांचं वेळापत्रक आहे आणि ते पाठ असायला हवं. १ मार्च २०१९ पासूनचा नियम असा: अर्ज करण्यापूर्वी सलग दोन महिने पूर्ण रक्कम खात्यात हवी. मुदत वाढून मिळाल्यावर पुढचे तीन महिनेही ८ लाख तसेच हवेत. त्यानंतर रक्कम ४ लाखांपर्यंत उतरलेली चालते, पण उरलेल्या वर्षात एकदाही त्याखाली जाता कामा नये.

माझी मुदत २० नोव्हेंबरला संपते. अर्ज साधारण ३० दिवस आधीपासून घेतात, म्हणजे २१ ऑक्टोबरपासून. (काही कार्यालयं ४५ दिवस आधीही घेतात, तुमच्या इथे विचारून घ्या.) लवकर अर्ज केला म्हणून दिवस वाया जात नाहीत, नवीन वर्ष जुन्या तारखेपासूनच धरतात. तेव्हा शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यात काहीच फायदा नाही. मी २५ ऑक्टोबरच्या आसपास जाते, म्हणून १५ ऑगस्टला माझ्या खात्यात ८ लाख असतातच. नियमाने २५ ऑगस्ट चालला असता. ते दहा दिवस मी जाणूनबुजून वर ठेवते. पुढचे तीन महिने मी नवीन मुदत सुरू होते तिथून, म्हणजे २० नोव्हेंबरपासून मोजते, कारण तसं मोजलं तर कुणीच हरकत घेऊ शकत नाही. ते २० फेब्रुवारीला पुरे होतात. म्हणजे बारा महिन्यांपैकी जेमतेम सहा महिने चार लाख मोकळे. एवढ्यासाठी पैसे काढायचे आणि परत भरायचे हे मी दोन वर्षं केलं, मग सोडून दिलं. ८ लाख खात्यात आहेत, ते माझे नाहीतच, असं समजून राहते.

दुसऱ्या वर्षी काय झालं ते सांगते. व्याज थोडं जास्त मिळतं म्हणून मी रक्कम मुदत ठेवीत टाकली होती. ठेव सप्टेंबरमध्ये पिकली. बँकेतल्या मुलीने विचारलं, नवीन ठेव करू का, व्याजदर बरा आहे. मी हो म्हटलं. पैसे एक दिवसही बँकेबाहेर गेले नाहीत, पण नव्या ठेवीला नवा खाते क्रमांक मिळाला. ऑक्टोबरमध्ये काउंटरवरच्या अधिकारीणबाईंनी पासबुक उघडलं, पहिल्या नोंदीच्या तारखेभोवती पेन्सिलने गोल केला आणि पासबुक माझ्याकडे फिरवलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या गोलातली तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती, आणि मला दोन महिने दाखवायचे होते. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी बँकेतून जुनं खातं, नवं खातं आणि एकातून दुसऱ्यात गेलेली रक्कम असं सगळं एकाच पत्रावर लिहून आणलं, दोन्ही पासबुकं जोडली, तेव्हा वरिष्ठांनी बघून अर्ज घेतला. त्या वर्षीपासून मी पैसे साध्या बचत खात्यात ठेवते. व्याज नाममात्र मिळतं, चालेल मला.

खातं एकट्याच्या नावावर हवं हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे नवरा-बायकोचं जोडखातं ही सवयीची गोष्ट असते, पण इथे अर्जदाराचं स्वतंत्र खातं असलं की प्रश्नच उपस्थित होत नाहीत.

भारतातून पैसे आणायचे असतील तर तहान लागल्यावर विहीर खणायला जाऊ नका. इथे राहायला आल्यावर फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांनुसार आपण अनिवासी होतो, आणि भारतातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. एनआरओमधून एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, म्हणजे रकमेची अडचण नसते. वेळ जातो तो कागदांत. सीएकडून कराविषयीचं प्रमाणपत्र, मग आपलं घोषणापत्र, मग बँकेच्या शाखेत कुणीतरी ते उघडून बघायचं. मी पहिल्या वर्षी आठवडा धरला होता आणि लागले एकोणीस दिवस. आता जुलैच्या सुरुवातीलाच कागद हलवते.

कराचीही एक गोष्ट आहे. थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहणाऱ्याने परदेशातलं उत्पन्न इथे आणलं तर १ जानेवारी २०२४ पासून ते करपात्र धरलं जातं. त्याआधी कमावलेले पैसे त्यातून वगळले आहेत. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारी भारतातल्या सगळ्या खात्यांची स्टेटमेंट काढून जपून ठेवा. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. तुमच्या बाबतीत तो कसा लागू होतो हे मात्र जाणकार सल्लागाराकडूनच समजून घ्या.

अर्जाच्या आठवड्यात दोनच ठिकाणी जायचं असतं, बँक आणि इमिग्रेशन. बँकेतून खात्याच्या शिलकीचं पत्र घ्यायचं, आणि बारा महिन्यांचं स्टेटमेंट मागत असतील तर तेही. हे पत्र मी त्याच दिवशी सकाळी घेते, शाखा उघडली की पहिली. त्याआधी खात्यात शंभर बात भरते आणि पासबुक मशीनमध्ये घालून छापून घेते. त्याने शेवटची ओळ त्या दिवसाची येते आणि पत्रातला आकडा नि पासबुकातला आकडा एक असतो. क्रम चुकवू नका: आधी शंभर बात, मग पत्र. उलट केलंत तर दोन्हींत शंभराचा फरक दिसतो.

बाकी कागद असे. टीएम-७ हा अर्ज, त्यावर ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो. पासपोर्टच्या फोटोच्या पानाची, व्हिसाची, शेवटच्या प्रवेशाच्या शिक्क्याची आणि आधीच्या मुदतवाढींची झेरॉक्स. पासबुकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स. भाडेकरार. घरमालकाने तुमच्या राहण्याची नोंद केल्याची टीएम-३० ची पावती. घराचा हाताने काढलेला नकाशा काही ठिकाणी मागतात; मी एकदा नीट काढून ठेवलाय, दर वर्षी त्याचीच प्रत लावते. प्रत्येक झेरॉक्सवर निळ्या शाईने सही. भाडेकरारावर वर्ष बौद्ध संवतात असेल तर दचकू नका, ५४३ वजा करा; २५६८ म्हणजे २०२५. ‘ओ’ ऐवजी ‘ओ-ए’ या निवृत्तांच्या दुसऱ्या व्हिसावर आलेल्यांना आरोग्य विम्याचाही पुरावा लागतो, ‘ओ’ वाल्यांना लागत नाही. विमा मात्र दोघांनीही घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण परदेशातल्या खाजगी इस्पितळाचं एक बिल आपलं सगळं गणित मोडू शकतं.

इमिग्रेशनला गुडघ्याखाली जाणारे साधे कपडे घालून जा आणि पासबुकाची मूळ प्रत पिशवीत वरच ठेवा. टोकन घ्यायचं, कागद तपासून घ्यायचे, १,९०० बात फी भरायची, कॅमेऱ्यासमोर बसायचं. एखाद-दोन घोषणापत्रांवर सह्या घेतात, त्या वाचून करा. त्यात मुदत उलटल्यास काय होतं ते लिहिलेलं असतं. शिक्का हातात पडला की जागचं हलण्याआधी त्यातली तारीख वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते.

‘पैसे आम्ही दाखवतो, तुम्ही फक्त पासपोर्ट द्या’ असं सांगणारे एजंट भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. खोट्या शिलकीवर मिळालेली मुदत ही तुमच्या नावावरची लबाडी असते, एजंटच्या नव्हे. कागद भरायला मदत करणारा माणूस घेणं वेगळं, त्यात काही गैर नाही.

माझा नवरा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आम्ही आलो तेव्हा तो अठ्ठेचाळीसचा होता, म्हणून तो माझ्यावर अवलंबून असलेला जोडीदार या नात्याने राहतो. जोडीदाराला वयाची अट नाही, वेगळे ८ लाखही लागत नाहीत. लागतो तो विवाह नोंदणीचा दाखला, थाईत भाषांतर करून इथल्या परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित केलेला. या एका कागदाला आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला, तेव्हा तो पहिल्या वर्षीच करून घ्या. आणि नवऱ्याची मुदत माझ्या मुदतीला बांधलेली आहे. माझी गेली की त्याचीही गेली.

शिक्का मिळाल्यावर त्याच दिवशी री-एन्ट्री परमिट काढा. फॉर्म टीएम-८, एका प्रवासासाठी १,००० बात, वर्षभर कितीही प्रवासांसाठी ३,८००. हे न काढता देशाबाहेर पाऊल टाकलंत तर वर्षाची मुदत विमानतळावरच रद्द होते. घरी कुणी आजारी पडल्याचा फोन रात्री दोनला येतो आणि पहाटेचं विमान पकडायचं असतं, त्या वेळी हे परमिट आठवत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आमच्या दोघांच्याही पासपोर्टवर ते होतं, म्हणून आम्ही जाऊन दहा दिवस राहून निर्धास्त परत आलो.

दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा तो टीएम-४७, त्याचा या मुदतवाढीशी संबंध नाही. मुदत वाढली म्हणून तो चुकत नाही. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत कळवता येतं, त्यानंतर २,००० बात दंड. मध्ये परदेशी जाऊन आलात तर मोजणी परतल्याच्या दिवसापासून नव्याने सुरू होते.

आणि अर्जाला जाण्याच्या वर्षभर आधी पासपोर्टची स्वतःची मुदत बघा. पासपोर्ट सात महिन्यांत संपत असेल तर राहायची मुदतही सात महिन्यांचीच मिळते, फी मात्र पूर्ण १,९०० जाते. अशा वेळी आधी भारतीय पासपोर्ट नवा करून घ्यायचा, मग इमिग्रेशनला दोन्ही पासपोर्ट घेऊन जाऊन जुने शिक्के नव्यात उतरवून घ्यायचे आणि त्यानंतर अर्ज. माझा पुढच्या वर्षी मार्चमध्ये संपतोय, म्हणून या वेळी ऑगस्टमध्ये ८ लाख जागेवर आहेत हे बघितलं की लगेच पासपोर्टच्या कामाला लागणार आहे.