दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर कसं काढायचं

आधी एक सांगतो, सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका, पृथ्वी गोल आहे त्यामुळे लांबच्या प्रवासात ते हमखास चुकतं. सगळ्यात जवळचा रस्ता म्हणजे ग्रेट सर्कल, घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, लगेच दिसेल.

आता हिशोब. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या, उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे, इथेच बहुतेक जण चुकतात म्हणून चिन्ह दोनदा बघा. न्यूयॉर्कचं जेएफके ४०.६४, -७३.७८ आणि सिंगापूरचं चांगी १.३६, १०३.९९. रेखांशातला फरक आला १७७.७७. मग दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, त्यात दोन्हींचे कोसाइन गुणिले रेखांश-फरकाचा कोसाइन हे मिळवा, येतं साधारण -०.७४३, त्याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) घेतला की जवळपास १३८ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी, म्हणजे अंतर झालं १५,३४० किमीच्या आसपास. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर हवा हं, रेडियनवर असला तर भलतंच उत्तर येतं.

नॉटिकल मैल (विमानं-जहाजांचं अंतर मोजायचं एकक) हवेत तर किमीला १.८५२ ने भागा. एवढं करायचं नसेल तर गूगल अर्थचं रूलर वापरा, तेही बरोबर सांगतं.

आणि विमान प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच उडतं कारण वारा, बंद हवाई हद्द, उतरायच्या आधीचे वळसे, आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्पा वेगळा काढून बेरीज करा.